सुरमईतला पांढरा दाणा आणि सडका मासा

“समुद्री माशाच्या मांसात किडा दिसला म्हणजे मासा सडका” असा निरोप बरीच वर्षं फिरतोय. बडोद्याला मासा वेरावळसारख्या बंदरांवरून बर्फात येतो, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे.

पण मांसाच्या आत, पातळ पिशवीत बंद असलेला तांदळाएवढा पांढरा दाणा बहुधा चपट्या कृमीची अळी असते. ती मासा जिवंत असतानाच आत शिरलेली असते. यातल्या पट्टकृमींची (टेपवर्मची) पूर्ण वाढलेली पिढी मुशी (शार्क) आणि पाकट (रे मासा) यांच्या आतड्यात राहते. अंडी पाण्यात पडतात, अळ्या सूक्ष्म कवचधारी जीवांत जातात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना सुरमई. पुढे मुशीच्या पोटात पोचेपर्यंत अळी तशीच थांबते. माणसात ती पूर्ण वाढत नाही.

सडण्याशी संबंध असतो तो माशीच्या अळीचा. ती कल्ल्यांत किंवा चिरलेल्या पोटात, वरवरच वळवळते, आणि वास लपत नाही. ताजेपणा पाहायचा तर कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर, आणि बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं.

दाणे सुरीच्या टोकाने काढा. तुकडी उजेडासमोर धरली की बरेच दिसतात. लिंबू-मिठावर मात्र विसंबू नका. समुद्री माशात गोलकृमीही असतात आणि ते माणसाला त्रास देतात. आंबटात ते तग धरतात. जाड तुकडी मध्यापर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापली पाहिजे, म्हणजे मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटतं.