सीलियाक प्लेक्सस ब्लॉक

पोटाच्या वरच्या भागातील हटवादी वेदना थांबवण्यासाठी सीलियाक प्लेक्सस या चेतातंतूंच्या जाळ्यापाशी औषध टोचण्याचा उपचार. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तो सर्वाधिक वापरला जातो. पाठीतून सुई घालण्याची पद्धत जर्मन शल्यचिकित्सक माक्स काप्पिस यांनी १९१४ मध्ये मांडली, तीही शस्त्रक्रियेच्या भुलीसाठी.

स्वादुपिंड, जठर, यकृत यांच्या वेदना वाहून नेणारे तंतू महाधमनीच्या पुढच्या अंगाला, पहिल्या कटिमणक्याच्या आसपास एकत्र येतात. जवळच मूत्रपिंडे, फुप्फुसाचे आवरण आणि मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या असतात. पूर्वी हाडांच्या खुणा आणि हाताचा अंदाज एवढ्यावरच सुई जात असे. आता सी-आर्म क्ष-किरण, सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफीशिवाय हा ब्लॉक देऊ नये, हेच योग्य.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा उताणा झोपू शकत नाही; रात्र रात्र पुढे वाकून बसतो. त्यालाच पालथे झोपवायचे, म्हणून पोटाखाली उशी देतात. बाराव्या बरगडीखाली त्वचा बधिर करून सुई तिरकी आत नेतात. टोक जागेवर आले की क्ष-किरणांत दिसणारे थोडे रंगद्रव्य सोडतात. ते महाधमनीपुढे पसरले तर जागा बरोबर; क्षणात वाहून गेले तर टोक रक्तवाहिनीत आहे, सुई हलवायलाच हवी. सीटीवर गाठ, धमनी आणि सुई एकत्र दिसतात. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत (तोंडावाटे नळी घालून केलेल्या) जठराच्या भिंतीतूनच सुई घालतात, पाठीकडून जावे लागत नाही.

आधी बधिर करणारे औषध आणि मग तंतू निकामी करणारे अल्कोहोल देतात. आराम काही महिने टिकतो, मॉर्फिनची मात्रा अनेकदा कमी करता येते. कर्करोग मात्र याने बरा होत नाही. गाठ फार वाढली की औषध नीट पसरत नाही, त्यामुळे हा उपाय अगदी शेवटासाठी राखून ठेवणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात मात्र गुण कमी येतो आणि लवकर ओसरतो.

काही दिवस जुलाब होऊ शकतात. पाय लुळे पडणे ही क्वचित, पण गंभीर गुंतागुंत. प्रतिमेमुळे तिचा धोका घटतो, संपत नाही. रक्तदाब उतरणे नेहमीचे, म्हणून सलाईन आधीच चालू असते. नंतर रुग्णाला एकदम उभे करत नाहीत. पलंगाच्या कडेला बसवून बीपी पाहतात आणि मगच हात धरून उठवतात.