दुधाचा साबण: दिसतो तितका जुना नाही

इ.स. ७७ च्या सुमारास रोमन लेखक प्लिनीने निसर्गाविषयीचा आपला अवाढव्य ग्रंथ पुरा केला. त्याच्या २८व्या भागात दोन नोंदी एकमेकींपासून फार लांब नाहीत. एक आहे रोमन सम्राट नीरोची बायको पॉपिया हिची. ती गाढविणीच्या दुधाने अंघोळ करायची आणि त्यासाठी गाढविणींचे कळप सोबत बाळगायची. दुसरी नोंद ‘सापो’ नावाच्या पदार्थाची. गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातले) लोक तो चरबी आणि राखेपासून बनवायचे, आणि तो अंग धुण्यासाठी नव्हता, केस तांबूस करण्यासाठी होता. त्यासाठी बीच झाडाची राख आणि बकरीची चरबी सगळ्यांत चांगली, असंही प्लिनी सांगतो. म्हणजे दूध, साबण, रंग आणि वर बकरीसुद्धा, सगळी मंडळी एकाच पुस्तकात हजर. दूध तेवढं साबणात पडलेलं नाही.

आज घरी केलेल्या दुधाच्या साबणाच्या वेष्टनावर कधी कधी क्लिओपात्राचं, म्हणजे दुधाने न्हाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इजिप्तच्या राणीचं, चित्र असतं. दुधाने न्हाण्याची परंपरा जुनी, साबणाचीही जुनी. पण दोन्ही एकाच वडीत आणायचं तर आधी एक अडचण सुटायला हवी होती, ती म्हणजे अल्कलीचं, चरबीचा साबण करणाऱ्या क्षाराचं, मोजमाप.

शेकडो वर्षं ही अल्कली राखेतून यायची. राखेतून झिरपलेलं पाणी किती कडक आहे हे पाहायला त्यात अंडं सोडायचे. ते तरंगलं आणि नाण्याएवढा भाग वर दिसला की पाणी तयार. हिशेब असा अंदाजपंचे, म्हणून चरबी आणि राखेचं पाणी तासन्‌तास उकळत ठेवावं लागे. त्या कढईत दूध घातलं असतं तर ते करपलंच असतं. शिवाय लाकडाच्या राखेत मुख्यतः पोटॅश असतं आणि त्याचा साबण मऊ, लगद्यासारखा होतो. तो पिंपात भरायचा, साच्यात नाही. कडक वडी हवी असेल तर सोडा (खाण्याचा नव्हे, धुण्याचा) लागतो. तो भूमध्य समुद्राच्या काठच्या खारट वनस्पती जाळून मिळायचा, आणि त्या भागात ऑलिव्हचं तेलही मुबलक. सीरियातलं अलेप्पो, पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस, फ्रान्समधलं मार्सेय ही साबणाची जुनी केंद्रं त्याच किनाऱ्यावर किंवा त्याच्या आसपास आहेत, ती याचमुळे. साचाही तिथे वेगळा नव्हता. नाब्लुस आणि अलेप्पोत गरम साबण सरळ जमिनीवर ओतायचे, थिजला की कापायचे आणि शिक्का मारायचे. ही पद्धत आजही टिकून आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने दोन्ही ठिकाणच्या साबणकामाची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली.

सोडा स्वस्त झाला तो फ्रान्सच्या निकोला लब्लांमुळे. मिठापासून सोडा बनवण्याची कृती त्याने १७९१ मध्ये पेटंट केली. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचा कारखाना जप्त झाला आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या कृतीवर पुढे इतरांनी बक्कळ पैसा केला. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या सॉल्व्हेची सोडा बनवण्याची पद्धत आली आणि सोडा आणखी स्वस्त झाला.

पण साबण होताना नक्की घडतं काय, हे उलगडलं मिशेल शेव्हरल या रसायनतज्ज्ञाने. चरबी म्हणजे फॅटी आम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडणी, आणि अल्कली ती तोडते, हे त्याने १८२३ च्या ग्रंथात मांडलं. पुढच्याच वर्षी तो पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. साबणाचं रसायन आणि रंगांचं शास्त्र एकाच माणसाच्या टेबलावर आलं होतं.

आता सगळ्यांत गमतीची गोष्ट. आज घरी साबण करणारा कोणीही तेलाच्या वजनावरून कॉस्टिक सोडा (सोडियमची तीव्र अल्कली) किती घ्यायचा ते आकड्यांच्या कोष्टकावरून काढतो. एक ग्रॅम तेलाचा साबण व्हायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतो, तो हा आकडा. सोड्यासाठी तो बदलून घेतात. ही मोजणी १८७९ मध्ये कोट्स्टॉर्फर या रसायनतज्ज्ञाने मांडली ती साबणासाठी नव्हेच, लोण्यातली भेसळ पकडायला! मार्गारीन, म्हणजे लोण्याचा स्वस्त पर्याय, १८६९ मध्ये निघालं होतं आणि लोण्यात परकी चरबी मिसळली जात होती. लोण्याच्या चरबीचा आकडा २२७ च्या आसपास, तर गुरांच्या चरबीचा २०० च्या खाली, त्यामुळे भेसळ उघडी पडे. म्हणजे साबण मोजायची फूटपट्टी दुधाच्याच घरून आली.

मोजमाप हाती आलं आणि उकळण्याची गरज संपली. तरी दूध हट्टीच. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळताना तापमान ८०-९० अंशांवर सहज जातं. दुधात पडला तर त्यातली साखर तपकिरी होते, प्रथिनं फुटतात आणि अमोनियाचा भपका येतो. म्हणून दूध गोठवून, बर्फात ठेवलेल्या भांड्यात सोडा चिमटी-चिमटीने घालतात. घरोघरी फ्रीझर नसता तर हे जमलं नसतं, आणि माझ्या मते या साबणाचं खरं वय तिथून मोजावं. साचाही इथे कामाचा. मोठ्या लांब साच्यात उष्णता कोंडते, तर लहान कप्प्यांच्या सिलिकोन साच्यात ती लवकर निघून जाते आणि वडी अलगद सुटते. ॲल्युमिनियमचा साचा मात्र कधीच नाही. सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन निघतो.

नैसर्गिक रंगांची गोष्ट याच अल्कलीवर अडते. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ मध्ये लिहून ठेवलं होतं की व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लात लाल होतो आणि अल्कलीत हिरवा. जास्वंदीचा लाल किंवा बीटचा गुलाबी रंग साबणात टिकत नाही तो त्यामुळेच. शेवटी मळकट तपकिरी उरतो. हळद आधी लालसर होते, मग नारिंगी-पिवळी होऊन उन्हात फिकी पडते. रतनजोत लाल म्हणून घालावी तर जांभळी-निळी उमटते. नीळ, माती, कोळसा हे भरवशाचे. १८५६ मध्ये इंग्लंडच्या पर्किन या रसायनतज्ज्ञाचा कृत्रिम जांभळा रंग आला आणि १८६८ मध्ये मंजिष्ठेतला रंग प्रयोगशाळेत बनला, तेव्हापासून कारखान्यांना या लहरी वनस्पतींची गरज उरली नाही. त्या परत आल्या त्या घरगुती साबणातून. काही जण तर आता दूध गोठवायच्या भानगडीतही पडत नाहीत. करपलेल्या साखरेचा तो खरपूस तपकिरी रंग तसाच ठेवतात.