स्पीड टेस्ट ९४ वरच का अडकते?

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, संगणकाला वायर जोडलेली, तरी स्पीड टेस्टचा आकडा ९४-९५ च्या पुढे हलत नाही. असं झालं की आपण आधी नेटवाल्याला फोन लावतो. पण लाइनमध्ये गडबड असेल तर वेग सहसा कधी ४०, कधी २१० असा नाचतो. रोज नेमाने ९४ दिसत असेल तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे, आणि ती बहुधा घरातच सापडते. उरलेले पाच-सहा एमबीपीएस प्रत्येक पॅकेटच्या (नेटवरची माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते त्यांच्या) पत्त्यांत आणि दोन पॅकेटांमधल्या सक्तीच्या मोकळ्या जागेत खर्च होतात.

बहुतेक वेळा दोष राऊटरच्या पोर्टचा, म्हणजे वायर खोचायच्या खाचेचा निघतो. 'एसी १२००' लिहिलेल्या राऊटरमधला १२०० हा वाय-फायच्या दोन पट्ट्यांच्या वेगाची बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्झवर ३००, ५ गिगाहर्ट्झवर ८६७, आणि वर थोडी दुकानदारी. यातल्या कित्येक स्वस्त मॉडेलांचे वायरचे पोर्ट मात्र फक्त १०० चे असतात. खोक्यावर अँटेनांचा मोठा फोटो असतो आणि पोर्टची माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. तिथे '१०/१००' लिहिलं असेल तर खोकं परत ठेवावं. '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट' (म्हणजे १००० एमबीपीएस) हवं, तेही घरातली यंत्रं जोडायच्या लॅनच्या पोर्टांना आणि नेट आत येतं त्या वॅन पोर्टलाही. घरभर वायर फिरवणाऱ्याने अँटेना मोजूच नयेत, असं माझं मत आहे.

सांगलीत गावभाग-खणभागातल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरांत वाय-फाय दोन खोल्यांतच दमतं. विश्रामबागेकडच्या नव्या तीन मजली घरात स्लॅबमधलं लोखंड आडवं येतं. खाली दुकान, मधे थोरले, वर धाकटे अशी वस्ती असेल तर मजल्यागणिक एक वायर नेणं हाच टिकाऊ उपाय.

त्या वायरीच्या पोटात पीळ घातलेल्या चार जोड्या असतात. जोडीतल्या एका तारेवरून सिग्नल जातो, दुसरीवरून तोच उलटा. पलीकडचं यंत्र दोन्हींतला फरक मोजतं. मिक्सर किंवा ट्यूबलाइटमुळे आलेला गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. ही पिळाची युक्ती टेलिफोनच्या काळातली; ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, एक जायला आणि एक यायला. १९९९ साली ठरलेल्या गिगाबिटच्या मानकात मात्र चारही जोड्या कामाला लागतात आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी २५० एमबीपीएस वाहतात. आपण पाठवलेला सिग्नल आपल्याला माहीतच असतो, तो ऐकू येणाऱ्या मिश्रणातून वजा केला की समोरच्याचा उरतो. म्हणूनच प्लग बसवताना आठांतली एक तार नीट दाबली गेली नाही तर अनेक उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. राऊटर कितीही भारी असो, आकडा पुन्हा ९४!

वायर घेताना आणखी एक तपासावं. स्वस्त बंडलात वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय वाकवताना ते लवकर तुटतं. तार ब्लेडने खरवडून बघावी. आत चंदेरी दिसली तर बंडल नको. १०० मीटरपर्यंत गिगाबिटला 'कॅट ५ई' दर्जाची वायर पुरते. भिंतीत कायमची घालायची असेल तर तिच्या वरच्या दर्जाची कॅट ६ घ्यावी. फक्त वायरमनला ती लाइटच्या पाइपातून ओढू देऊ नका.

आता राऊटरच्या डोक्याचं. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत, म्हणून अख्ख्या घराला बाहेर एकच पत्ता दाखवला जातो आणि राऊटर प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता बदलत बसतो. पूर्ण गिगाबिटवर मोठी पॅकेटं धरली तरी हे काम सेकंदाला सुमारे ८१ हजार वेळा होतं. त्यासाठी बहुतेक राऊटरांत खास सोय असते. खरी परीक्षा रांगेची. घरात कुणी लग्नाचे व्हिडिओ अपलोड करायला लावले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण कॉलची बारकी पॅकेटं त्या ढिगाच्या मागे उभी राहतात. मार्केट यार्डात एकाच व्यापाऱ्याचे तीस ट्रक पुढे लागले तर मागच्या टेम्पोचं जे होतं तेच. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क-संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेली 'कोडेल' पद्धत पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते आणि फार थांबलेलं टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपोआप हात आखडता घेतो. तिच्या पुढच्या रूपात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांगही मिळते. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' दिसलं तर ही सोय आहे समजावं. तिला दमदार प्रोसेसर लागतो. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर इथे मोजावेत.

पोर्ट कमी पडतात म्हणून महागडा राऊटर घेऊ नये. आठ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा छोटा डबा) ते काम करतो. किंबहुना फायबरवाल्याने दिलेल्या डब्यातच राऊटर असतो. त्याचे पोर्ट गिगाबिट असतील आणि कॉल अडखळत नसतील तर नुसता स्विच आणा. त्यापुढे दुसरा राऊटर लावलाच, तर नेटवाल्याला पहिला डबा ब्रिज मोडवर टाकायला, म्हणजे त्यातलं राऊटरचं काम बंद करायला सांगा, नाहीतर पत्ते दोनदा बदलले जातात आणि गेम किंवा बाहेरून बघायचा कॅमेरा रुसतो.

नदीकाठच्या घरांत हे सगळं वरच्या मजल्यावर बसवावं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्यांना कारण सांगायला नको. आणि अंगणापलीकडच्या खोलीत तांब्याची वायर नेऊ नये: वळवाच्या विजेने तिच्यात क्षणभर मोठा विद्युतदाब उठतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळू शकतात. तेवढ्या टप्प्यापुरतं फायबर टाकावं, काचेतून वीज वाहत नाही.