दीड मिनिट पीसी कुणाची वाट बघतोय?

विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या डेस्कटॉपना विंडोज ११ दारातच अडवतं. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून ती चालवत राहणं शहाणपणाचं आणि फुकटचंही. मग काही दिवसांनी तक्रार येते, "लिनक्स हलकं असतं म्हणाला होता की, मग चालू व्हायला अडीच मिनिटं कशी लागतात?"

उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसात असाच पीसी होता. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेला, जुनी सिस्टीम जशीच्या तशी त्यावर आणलेली. तरी सकाळी बटण दाबून चहा पिऊन आलं तरी पडदा काळाच. कुणी रॅम वाढवायला सांगितलेलं, कुणी विंडोजच बरं म्हणून गेलेलं. मालक वैतागून म्हणाले, "आता काय नवीन मशीनच घ्यायचं का ओ?"

अशा वेळी आधी कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा बघावा. तो सारखा लुकलुकत असेल तर मशीन राबतंय. तो गप्प असेल आणि पडदा पुढे सरकत नसेल, तर मशीन बहुधा कशाची तरी वाट बघत बसलंय. या दोन रोगांची औषधं वेगळी.

राबणाऱ्या मशीनचा दोष बहुतेक वेळा फिरत्या डिस्कचा असतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं त्या पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या ठिकाणांवरून सेकंदाला जेमतेम ८० वेळा वाचता येतं. सिस्टीम चालू होताना हजारो छोट्या फाइल्स लागतात, त्यामुळे प्रोसेसर कितीही तगडा असला तरी डिस्कपुढे हात जोडून उभा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून तो सेकंदाला हजारो वाचनं सहज करतो. जुन्या पीसीवर पैसे खर्च करायचे तर आधी इथेच करावेत, रॅम नंतर.

पण या ऑफिसात एसएसडी होता आणि दिवा गप्प होता.

आजच्या बहुतेक लिनक्समध्ये सुरुवातीची सगळी जुळवाजुळव सिस्टमडी नावाचा प्रोग्राम करतो, आणि तो वेळेचा हिशेबही ठेवतो. टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' ही आज्ञा दिली (टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची) की तो हिशेब समोर येतो. इथे आला तो असा: फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ९ सेकंद, लोडर (कर्नल उचलणारा) ५, कर्नल (सिस्टीमचा गाभा) ३६, युजरस्पेस (त्यावर चालणारं बाकी सगळं) १ मिनिट ३९. एकूण १४९ सेकंद.

त्याच आज्ञेला 'ब्लेम' शब्द जोडून ती पुन्हा चालवली की कुठल्या सेवेने (मागे चालणाऱ्या प्रोग्रामने) किती वेळ घेतला याची यादी मिळते. लोक इथेच फसतात. सेवा एकाच वेळी समांतर सुरू होतात, म्हणून यादीत वर असलेलीच वाट अडवते असं नाही. फाउंड्रीत साचा, कोअर आणि भट्टी ही कामं शेजारी शेजारी चालतात. ओतकाम थांबतं ते यांतल्या सगळ्यात उशिरा तयार होणाऱ्यापायी, आणि कारखान्याच्या गेटला रंग द्यायला दोन तास लागले तरी त्याचा ओतकामाशी संबंध नसतो. नेटवर्कची वाट बघणारी सेवा अनेकदा असा गेटचा रंगच असते. खरी साखळी 'ब्लेम'च्या जागी 'क्रिटिकल-चेन' लिहिलं की दिसते.

आमच्या यादीत तर दीड मिनिटाचा धनीच सापडेना. कारण सरळ होतं: जे उपकरण कधी आलंच नाही, त्याची नोंद ब्लेममध्ये होत नाही. सिस्टीमची नोंदवही (जर्नल) दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल -बी' मध्ये मात्र ओळ होती, अमुक यूयूआयडीच्या (ओळखक्रमांकाच्या) डिस्कची वाट बघून वेळ संपली. सिस्टमडी अशा उपकरणासाठी ठरावीक ९० सेकंद थांबतो. कर्नलच्या खात्यातल्या ३६ पैकी ३० सेकंदही तसेच गेले होते, झोपवलेली सिस्टीम परत उठवायला स्वॅप (रॅममधलं उतरवून ठेवायची डिस्कवरची जागा) शोधण्यात. ३०, ६०, ९० असे गोल आकडे दिसले की ओळखावं, ही कुणीतरी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली मुदत आहे. खऱ्या कामाला इतका नेमका वेळ सहसा लागत नाही.

सिस्टीम हलवताना मुख्य पार्टिशनची ओळख बदलली गेली, पण कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या, 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' फाइलीत जुन्या डिस्कवरच्या स्वॅपची ओळ तशीच राहिली. ती डिस्क तर केव्हाच कपाटात गेलेली! फाइलीची प्रत काढून ठेवून त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) टाकलं, म्हणजे सिस्टीम ती ओळ वाचत नाही. उठताना स्वॅप कुठे शोधायचा ते सांगणाऱ्या 'रेझ्युम' फाइलीत 'रेझ्युम=नन' लिहिलं आणि तो बदल लागू व्हायला 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवलं. हायबरनेट, म्हणजे सिस्टीम अशी झोपवणं, वापरत असाल तर 'नन' न लिहिता नव्या स्वॅपची ओळख द्यावी. बॅकअपची यूएसबी डिस्क कधी जोडलेली, कधी नसेल तर तिच्या ओळीत 'नोफेल' लिहावं. नाहीतर ती नसताना सिस्टीम ९० सेकंद थांबून थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाते.

दिवा गप्पही नाही आणि काम पुढेही नाही असं असेल, तर जर्नलमध्ये 'आय/ओ एरर' किंवा लिंक रीसेटच्या ओळी शोधाव्यात. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल' च्या तक्त्यात १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा (केबलवरून जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कची साटा केबल काढून नीट बसवावी, किंवा बदलावी. ५ किंवा १९७ क्रमांकाचे (डिस्कवरच्या खराब जागांचे) आकडे वाढत असतील तर आधी डेटाची कॉपी, बाकी सगळं नंतर. तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलावा.

उद्यमनगरातला पीसी आता २९ सेकंदांत उठतो. त्यातले पाच ग्रबच्या, म्हणजे लोडरच्या, मेनूचे. तेही कमी करून द्या म्हणून मालक मागे लागले होते, पण ते मी तसेच ठेवले. अपडेटनंतर नवा कर्नल बिघडला तर जुना निवडायला तेवढीच फट असते.