एमआर की मरीन? ओट्याखालच्या कपाटासाठी कुठला प्लाय घ्यावा

आमच्या लातूरला नळाला रोज पाणी येत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात सिंकशेजारी पिंप, कोपऱ्यात हंडे-कळश्या आणि सिंकखालच्या कपाटातसुद्धा एखाद-दुसरा भरलेला कॅन असतोच. पाणी आलं की भरण्याची घाई आणि सांडलवंड ठरलेली. ओट्याखालचं कपाट कशाचं करायचं, हे मी याच हिशेबानं बघते.

ट्रॉल्या करायच्या ठरल्या की घरात सगळी चर्चा सनमायक्याच्या रंगावर होते. आतला खोका कशाचा, ते मिस्त्रीवर सोडून देतात. आम्हीही तेच केलं. "ताई, एमआर हाय, ओलीला काही होत नाही," असं मिस्त्री म्हणाले आणि आम्ही मान डोलावली. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालची तळफळी फुगली. कॅन उचलला तर खाली गोल डाग पडलेला, त्याच्या कडेनं सनमायका सुटलेला, आणि नखानं ओढलं की प्लायचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे निघत होते.

मिस्त्री खोटं बोलले नव्हते. एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, ओल सोसणारा. पण ही ओल म्हणजे हवेतली, पावसाळ्यातली दमट हवा. साचलेलं पाणी नव्हे. आपण 'ओल' ऐकतो आणि 'पाणी' समजतो, घोळ तिथेच होतो. बाजारात यालाच कमर्शियल प्लाय म्हणतात. मरीन हा पाणी सोसणारा प्लाय, त्यावर बीडब्ल्यूपी, म्हणजे बॉयलिंग वॉटर प्रूफ, असं लिहिलेलं असतं.

वरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हीत लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. खरा फरक चिकटवणाऱ्या रेझिनचा. एमआरमध्ये साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइड असतं, ते पाण्यात, विशेषतः गरम पाण्यात, हळूहळू सुटतं. मरीनमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड असतं. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत, अशी त्याच्या मानकाची अट आहे. हे मानक आयएस ७१०. मरीनला वाळवी-बुरशीविरुद्ध औषधही दिलेलं असावं लागतं. काळ्या मातीवरच्या आपल्या घरांत वाळवी किती लागते ते सांगायला नको.

या दोघांच्या मध्ये बीडब्ल्यूआर, म्हणजे बॉयलिंग वॉटर रेझिस्टंट, नावाचा एक दर्जा आहे. आयएस ३०३ या एकाच क्रमांकाखाली एमआर आणि बीडब्ल्यूआर दोन्ही विकले जात आले आहेत. म्हणून "आयएस ३०३चा आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, पुढची अक्षरं वाचा. शिवाय 'वॉटरप्रूफ' हा शब्द दुकानात कशालाही लावतात.

रंगावरूनही ओळखू जाऊ नका. फिनॉलचा थर कडेला तांबूस-काळपट दिसतो हे खरं, पण रंग घालून तसा दिसणारा प्लायही मिळतो. खात्रीचा उपाय म्हणजे हातभर तुकडा मागून घ्यायचा, जुन्या, स्वयंपाकाला न लागणाऱ्या पातेल्यात बसेल एवढा कापायचा आणि तीन-चार तास उकळायचा. एमआर असेल तर कडेनं थर उघडायला लागतात. आयएसआय खुणेखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की तो खरा आहे का, हेही कळतं.

मग सगळं स्वयंपाकघर मरीनचं करायचं का? माझ्या मते नाही, तेवढा खर्च कशाला? वरची कपाटं, धान्याचे कप्पे, डब्यांचं कपाट यांना चांगला एमआर पुरतो. मरीन लावायचा तो सिंकखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी आणि बाथरूमच्या सामाईक भिंतीला टेकलेल्या खोक्याला. आणि ओट्याखाली कडप्प्याचे जुने कप्पे धड असतील तर ते फोडूच नका. सिंकखाली कडप्पा तसाच ठेवून पुढे नुसती दारं बसवली की झालं. पाणी सांडलं तरी दगडाला काय होणार!

मरीन घेतला तरी पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका. पाणी शिरतं ते तिथूनच. सगळ्या कडांना पट्टी आणि भोकांना सीलंट लावून घ्या, आणि खोका जमिनीवर न टेकवता पीव्हीसीच्या पायांवर उभा करा.

शीट घरी आल्यावर ती कापायच्या आधी स्वतः उभं राहून शिक्क्याचा फोटो काढा आणि बिलावर दर्जा लिहून घ्या. एकदा सनमायका चिकटला की शिक्का आत गेला, मग कुठला प्लाय लागला ते फळी फुगेपर्यंत कळत नाही.