खाज थांबली म्हणजे नायटा गेला, असे नव्हे
पावसाळ्यात मुंबईत भिजल्या कपड्यांनिशी लोकलने घर गाठणाऱ्यांच्या जांघेत नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, उठला की औषधाच्या दुकानातून ‘तीन औषधांची एकच ट्यूब’ (स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक) आणली जाते आणि दोन दिवसांत खाज थांबल्याने ती रामबाण असल्याचा समज पक्का होतो. वस्तुतः त्यातील क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड केवळ दाह आणि लाली दाबते. बुरशीनाशक असूनही बुरशी पसरत राहू शकते, चट्ट्याच्या कडा पुसट झाल्याने निदान अवघड होते आणि जांघेतील नाजूक कातडी पातळ होऊन तिच्यावर ताणल्यासारखे कायमचे व्रण उमटू शकतात. प्रतिजैविक तर बुरशीवर चालतच नाही. अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास २०१८ पासून मनाई आहे (दुकानदार चिठ्ठी मागत नाही, हा भाग वेगळा). जिवाणूंची लागण झालेल्या इसबावर मात्र डॉक्टर स्टेरॉइड व प्रतिजैविकाचे मलम देतात, तेही मोजकेच दिवस.