व्यसनोपचारातील पूरक सेवा

व्यसनावर उपचार घ्यायला आलेल्या व्यक्तीचे घर, रोजगार, कर्ज, कोर्टकचेरी, कुटुंब, शारीरिक व मानसिक आजार यांविषयीचे प्रश्न उपचाराचाच भाग मानून हाताळण्याची पद्धत. ‘आधी दारू सुटू दे, मग बाकीचं बघू’ हा रूढ क्रम ती मानत नाही. केंद्रात येणारा माणूस पुष्कळदा व्यसनाला कंटाळून आलेलाच नसतो. नोकरी जाण्याच्या बेतात असते, घरच्यांनी निर्वाणीचे सांगितलेले असते किंवा न्यायालयाने पाठवलेले असते. ज्या अडचणीने त्याला दारापर्यंत आणले तीच बाजूला सारली, तर त्याचे उपचारातून मन उडते.

हंट व एझ्रिन या अमेरिकन संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मद्यपी रुग्णाला काम मिळवून देणे, संसार सावरणे आणि न पिणाऱ्यांच्या संगतीत रमवणे यांवर भर होता. १९८० मध्ये टॉमस मॅक्लेलन व सहकाऱ्यांनी ‘ॲडिक्शन सिव्हिरिटी इंडेक्स’ ही व्यसनाची तीव्रता मोजणारी मुलाखत प्रसिद्ध केली. तीत वैद्यकीय स्थिती, रोजगार, मद्य, अन्य अमली पदार्थ, कायदेशीर अडचणी, कौटुंबिक-सामाजिक संबंध व मानसिक स्थिती या ७ बाबी वेगवेगळ्या तपासतात. त्या-त्या बाबीचा रुग्णाला स्वतःला किती त्रास होतो, हेही विचारतात. तिचा खरा उपयोग इथे आहे.

मॅक्लेलन यांच्या १९९३ च्या प्रयोगात मेथॅडोनवर (हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरील औषधावर) असलेल्या ९२ रुग्णांचे ३ गट होते. पहिल्याला जवळपास नुसते औषध, दुसऱ्याला जोडीने समुपदेशन, तिसऱ्याला त्याखेरीज वैद्यकीय व मानसोपचार, रोजगार-साहाय्य आणि कुटुंबोपचार मिळाले. औषध सर्वांना होते, पण सुधारणा तिसऱ्या गटात सर्वाधिक दिसली.

व्यवहारात मात्र पूरक सेवा म्हणजे पत्त्यांची यादी, असे होऊन बसते. पहिल्या आठवड्यांत धड झोप नसलेला माणूस कचेऱ्यांच्या रांगा लावू शकत नाही. बरोबर कोणीतरी जावे लागते. लहान मुलांच्या आईला तर मुले कोण सांभाळणार, याच प्रश्नावर उपचार सोडावा लागतो.

क्रम अजिबातच नसतो असे नाही. दारू एकाएकी थांबल्यावर येणारे झटके जिवावर बेतू शकतात, तेव्हा त्यांकडे आधी पाहावे लागते. निवाऱ्याबाबत १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘हाउसिंग फर्स्ट’ (आधी घर) पद्धतीने बेघरांना व्यसन सोडण्याची अट न घालता घर दिले. घरे टिकली, व्यसनात मात्र तेवढा ठळक फरक पडला नाही.